कोरी बाटली निळी झाली

"नेल्बा, इकडे ये. आणि आल्यावर आरडाओरडा करू नकोस."

डॉक्टरबाईंनी असं हळू आवाजात म्हटलं तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. एरवी त्या मला हाक मारायच्या त्या ओरडून, आणि मी जायचे तीही ओरडतच. प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हापासून आमचं हे असंच. काखेत थर्मास, हातात येर्बा या आमच्या कडू चहाचा तुंबा, तशीच मी खिडकीपाशी गेले.

स्टँडवर छोट्या काचेच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. सगळ्या निळ्या. निळं म्हणजे अमोनिया, आणि अमोनियासाठीच तर आम्ही इतकी वर्षं रक्त आटवत होतो. पण ओळीतली शेवटची बाटलीसुद्धा निळी होती.

"ही कोरी आहे," बाई म्हणाल्या.

"अगं बाई!"

"ओरडू नको म्हटलं ना."

कोरी बाटली म्हणजे जिच्यात बाकी सगळं तेच, पण खरी करामत करणारी चीज घातलेली नाही. तिनं निमूटपणे पिवळं राहायचं. ती पिवळी राहिली तरच शेजारच्या निळ्या बाटलीवर विश्वास ठेवायचा. कोरी निळी झाली म्हणजे अमोनिया कुठून तरी बाहेरून आत घुसलाय, आणि मग बाकीच्या निळ्यांनाही काडीची किंमत नाही.

आणि हे आजच व्हायचं होतं. दुपारी राजधानीहून, मोंतेविदेओहून मंत्रालयाची माणसं येणार होती. कोरी पिवळी आणि आमची निळी, एवढं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं तर प्रयोगशाळा टिकणार. नाही तर महिनाअखेर दाराला कुलूप, आणि बाईंनी तळहातावरच्या फोडासारखे जपलेले जिवाणू उकळत्या वाफेत.

ते जिवाणू इथलेच, पायसांदूच्या मातीतले. हवेतला नायट्रोजन धरतात आणि थंड पाण्यात गुपचूप त्याचा अमोनिया करतात. तेच करायला कारखान्यांना नैसर्गिक वायू लागतो, भयंकर आच लागते, दाब लागतो. आमच्या देशात तसला कारखाना नाही. आमचा युरिया येतो जहाजानं, आणि जहाज लांबलं की सगळे नदीकडे डोळे लावून बसतात. आमच्या या सुल्मा आरोस्पिदे बाईंनी काय केलं, तर त्या जिवाणूच्या पोटातलं काम करणारं एन्झाइमच बाहेर काढलं, तारेवर बसवलं आणि तारेत पवनचक्कीची वीज सोडली. एन्झाइम लागलं कामाला. ना धूर, ना वायू. खोड एकच, ऑक्सिजन लागला की ते मरतं. म्हणून त्याचं सगळं बंद काचपेटीत, लांब रबरी हातमोज्यांत हात घालून करायचं. पेटीत ठेवण्याआधी बाटल्यांत पाणी-क्षार भरायचे, ते मात्र बाहेर, टेबलावर.

हे भरायचं काम रोज बाईंच्या मदतनिसाचं, मिल्टनचं. पण पाहुणे यायचे असले की बाई कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. लग्नघरी मुख्य पदार्थ यजमानीणच करते, तसं. चष्मा कपाळावर, नाक बाटलीला टेकलेलं, हातात काचेची पिपेट. पिपेटला वर रबरी फुगा लावून पाणी ओढायचं, हा नियम. बाई ओढायच्या फुग्यानं, पण टोकाला अडलेला शेवटचा थेंब फुगा काढून तोंडानं फुंकून पाडायच्या. जुनं वळण. मिल्टननं विनवून पाहिलं, मी भांडून पाहिलं. "थेंब माझा, फुंकर माझी, तुमचं काय जातंय?" म्हणायच्या.

"मिल्टन कुठाय?" बाईंनी विचारलं.

मिल्टन आलाच, हातात गरम पावांची पुडी. तिशीतला, हुशार, डोक्यावर केस कमी आणि तोंडात बडबड जास्त. मार्चपासून आमचे आकडे चढत होते ते त्याच्या हातानं. त्यानं ओळ पाहिली आणि पुडी खाली ठेवली.

"फेकून देऊ," तो म्हणाला. "दुसरी कोरी भरू. दुपारपर्यंत वेळ आहे. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," बाई म्हणाल्या. "ही इथंच राहील. पाहुण्यांसमोर."

"डॉक्टरबाई, अहो, आपल्याच पायावर धोंडा..."

"धोंडा कुठून आला ते आधी शोध."

मग सुरू झाली शोधाशोध. पहिली धाड माझ्यावर.

"फरशी कशानं पुसलीस?"

"व्हिनेगरनं! अमोनियाचा फिनेल या घरात शेवटचा कधी आला होता ते तुम्हीच आठवा. तुम्हीच तो अंगणात ओतला होतात, माझे जिरेनियम जळले होते!"

"बरं, बरं."

मग नदीकाठचा कातडी कमावायचा कारखाना. त्याचा वारा आला की डोळे चुरचुरतात. पण कारखाना उत्तरेला, आणि ऑगस्टातला, आमच्या हिवाळ्यातला वारा दक्षिणेचा, हाडं गोठवणारा. शिवाय आमची इमारत म्हणजे लोकरीचं जुनं गोदाम. खिडक्यांना मी स्वतः चिंध्या कोंबलेल्या. तिथूनही काही हाती लागेना. क्षारांची बरणी तपासली, पाणी तपासलं. निर्मळ.

बाई खुर्चीत बसल्या. आजकाल त्या लगेच बसायच्या. मनगट खाजवत त्यांनी मिल्टनकडे असं पाहिलं की मला खोलीतून निघून जावंसं वाटलं.

"मार्चपासून आकडे फार छान येतायत," त्या म्हणाल्या.

"हो. आपण तार बदलली तेव्हापासून."

"फारच छान."

मिल्टनला कळायला क्षण लागला. मग त्याचे कान लाल झाले.

"म्हणजे मी टाकतो? अमोनियाची भुकटी, चिमूटभर? रोज सकाळी? असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी विचारतेय."

"विचारत नाही आहात तुम्ही! फासावर चढवताय!" त्यानं अंगातला पांढरा कोट काढला आणि पाठमोरा होऊन खुंटीला अडकवला. "बाप मेला तेव्हा मी तिसऱ्या दिवशी इथं काचपेटीत हात घालून उभा होतो. आणि मी भुकटी टाकतो!"

मी दारात आडवी झाले. "कुठे चाललास, शहाण्या? तू गेलास तर तूच टाकलीस असं होईल."

"मावशी, बाजूला व्हा."

"नाही होत. आणि तुम्ही हो!" मी बाईंवर उलटले. "पोरानं तुमच्या पायाशी जवानी घातली आणि तुम्ही त्याला चोर म्हणताय? लाज नाही वाटत?"

खरं सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. माणूस घाबरला की जवळच्यालाच आधी चावतो.

मिल्टनच शेवटी म्हणाला, "ठीक आहे. आपण तिघं तीन टेबलांवर बसू. एकाच बरणीतलं पाणी, तेच क्षार. प्रत्येकानं आपापल्या पद्धतीनं एक कोरी भरायची. मग रंगाची दवा टाकू. ज्याची निळी होईल त्यानं काय ते बोलावं."

"मान्य," बाई म्हणाल्या.

भरल्या. मी हात इतके धुतले होते की बोटं सुरकुतली. मिल्टन फुग्यानं, श्वास रोखून. बाई चष्मा कपाळावर घेऊन, नाक बाटलीवर, आणि शेवटी ती त्यांची फुंकर. नंतर दवा टाकली, तिन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या. रंग यायला वेळ लागतो. तेवढ्यात करायचं काय? मी तुंबा भरला.

आमच्याकडे तुंबा एकच असतो आणि तो फिरतो. भरणारी एकच, ती मी. गरम पाणी ओतायचं, एकाला द्यायचा, त्यानं नळीनं चोखून संपवायचा, परत द्यायचा. मी पुन्हा भरून पुढच्याला. परत देताना कुणी काही बोलत नाही. 'ग्रासिआस' म्हटलं, म्हणजे आभार मानले, की त्याचा अर्थ पुरे, मला पुढची फेरी नको. बाई म्हणजे पट्टीच्या पिणाऱ्या. त्यांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. पण गेला महिनाभर त्या पहिल्याच तुंब्याला 'ग्रासिआस' म्हणत होत्या. मला वाटलं, काळजीनं. मंत्रालयाचं पत्र आल्यापासून जेवणही कुठे धड जात होतं त्यांना.

आताही तसंच. दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं. "ग्रासिआस, नेल्बा."

मिल्टन बाटल्यांसमोर उकिडवा बसला होता. माझी बाटली पिवळी, त्याची पिवळी. बाईंच्या बाटलीत तळाशी आधी हिरवट छटा आली, मग ती वर चढली, आणि बघता बघता सगळी बाटली निळी झाली.

"फुंकर!" मिल्टन ताडकन उठला. "तुमची फुंकर, डॉक्टरबाई! मी सांगत नव्हतो? थुंकीचा थेंब गेला असणार! सुटलो! अहो, सुटलो आपण!" त्यानं मला धरून गरगर फिरवलं. मीही हसले. बाप रे, किती हलकं वाटलं. एवढंच होतं तर! नव्या बाटल्या भरायच्या, बाईंना टेबलापासून लांब ठेवायचं, झालं.

बाई हसत नव्हत्या. त्या बाटलीकडे बघत होत्या.

"मिल्टन, मी चाळीस वर्षं फुंकतेय."

"चुकीचंच करताय चाळीस वर्षं!"

"हो. पण चाळीस वर्षं माझी कोरी पिवळी राहिली. थुंकीत थोडा अमोनिया सगळ्यांच्याच असतो. त्यानं फार तर पुसटशी हिरवी झाक येते. ही बघ, शाईसारखी झालीये." त्यांनी बाटली उजेडात धरली. "फुंकर तीच, पिपेट तीच. मग बदललं काय?"

मिल्टननं ती बाटली त्यांच्या हातून घेतली आणि खिडकीशी नेऊन पाहिली.

माझ्या हातात तुंबा होता. त्यांच्या ओठांतून आत्ताच आलेला. मी तो नाकाशी नेला, का कोण जाणे. हा वास मला माहीत होता. माझ्या नवऱ्याच्या, ऑस्करच्या, तोंडाला शेवटच्या वर्षी हाच वास यायचा, डायलिसिसच्या यंत्रावर रक्त धुवायला जायच्या आधीच्या दिवशी तर फारच. महिनाभर मी बाईंच्या शेजारी बसत होते, महिनाभर हा वास माझ्या नाकात होता, आणि मी म्हणत होते, आज बाटल्या चांगल्या पिकल्यात. अमोनिया बनवणाऱ्या घरात अमोनियाचा वास आला तर दचकणार कोण?

"बाई," मी म्हटलं, "तोंडाला चव कशी लागते?"

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. ऑस्करला शेवटी दवाखान्यात न्यायला त्याच यायच्या, स्वतःच्या गाडीनं. त्यांना सांगायची गरज नव्हती.

"जुनं नाणं चोखावं तशी," त्या म्हणाल्या.

"पाय दाखवा."

"नेल्बा..."

"पाय दाखवा म्हणते ना!"

मी खाली बसून त्यांचा मोजा उतरवला. घोट्यावर मोज्याच्या इलॅस्टिकचा चर उमटला होता, बोट बसेल एवढा खोल.

"मूत्रपिंडं," बाई म्हणाल्या. एखादं यंत्र बिघडल्यावर कुठला भाग गेलाय ते सांगावं, तशाच आवाजात. मग मिल्टनकडे बघून म्हणाल्या, "मिल्टन, मी तुला जे बोलले ते..."

"सोडा हो ते!" मिल्टनचा आवाज चिरका झाला. "गाडी बाहेर आहे. चला."

"दुपारनंतर."

"आत्ता!" मी ओरडले. "ऑस्करनंही असंच उद्या, परवा केलं होतं! मी त्याला पुरलंय, तुम्हाला नाही पुरणार! मरो ते मंत्रालय!"

"मी गेले तर जिवाणूही जातील," बाई म्हणाल्या. "महिनाभर हे माझ्या अंगात आहे, दोन-तीन तासांनी काही बिघडत नाही. एवढं होऊ दे, मग तू म्हणशील तिथं येते. शब्द देते."

दोन-तीन तासांनी काय बिघडतं ते मी पाहिलं होतं. पण त्या बाईशी भांडून आजवर कोण जिंकलंय? आणि तेवढ्यात अंगणात गाडीचा आवाज आला. पाहुणे वेळेआधीच आले होते.

तिघं होती. त्यांचे प्रमुख लार्राल्दे नावाचे इंजिनिअर, उंच, खांद्यावर महागडा लोकरी कोट, चेहरा इस्त्री केल्यासारखा. त्यांनी नमस्कार-चमत्कार केले आणि पहिल्याच फटक्यात त्यांची नजर टेबलावर गेली. सकाळची ती ओळ बाईंनी कुणाला हलवू दिली नव्हती.

"ही शेवटची कोरी ना?" लार्राल्दे म्हणाले. "निळी आहे."

"आमची चूक..." मिल्टन घाईनं पुढे झाला.

"चूक नाही," बाई म्हणाल्या. त्या टेबलाला धरून उभ्या होत्या. बोटांची पेरं पांढरी पडली होती. "यातला अमोनिया माझा आहे. माझी मूत्रपिंडं काम करत नाहीत, रक्तातली घाण थुंकीत उतरतेय, हे आज सकाळी या बाटलीनं मला सांगितलं. मी तोंडानं फुंकते, वाईट सवय आहे. या दोघांनी भरलेल्या कोऱ्या या इथे, पिवळ्या. आमची तपासणी खरं बोलते याचा याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही."

लार्राल्देंच्या सोबतची बाई हातातली पेन्सिल उगाच फिरवत राहिली. आता हा माणूस म्हणणार, आजारी म्हातारीच्या गोष्टी ऐकायला एवढ्या लांब आलो नव्हतो. माझी जीभ तयारच होती. म्हणू तर दे, म्हटलं, उकळतं पाणी आहे माझ्या थर्मासात.

लार्राल्देंनी कोट काढला आणि बाह्या सारल्या.

"फुगा कुठाय?" त्यांनी विचारलं. "मी स्वतः भरतो. कोरीही आणि एन्झाइमचीही. तुम्ही तिघं तिकडे भिंतीशी उभे राहा."

भरल्या. मिल्टन लांबून सांगत होता, लार्राल्दे काचपेटीच्या हातमोज्यांत हात घालून एन्झाइमची तार त्या बाटलीत सोडत होते, घाम गाळत. वीज सोडली. मग थांबणं. आयुष्यात मी पुष्कळ थांबलेय, दवाखान्यांच्या बाकांवर तर वर्षं काढलीत, पण ते थांबणं मला खात होतं. बाईंना मी खुर्चीत दाबून बसवलं होतं. त्या मनगट खाजवत होत्या, रक्त येईल इतकं. मी त्यांचा हात धरून ठेवला. घड्याळाकडे बघायची हिंमत मला होत नव्हती. एक मन म्हणत होतं, देवा, निळी होऊ दे. दुसरं म्हणत होतं, काय वाट्टेल ती होऊ दे, पण लवकर होऊ दे.

दवा टाकली. लार्राल्देंनी दोन्ही बाटल्या खिडकीत ठेवल्या आणि वाकून बघत उभे राहिले. दोन्ही पिवळ्या. अजून दोन्ही पिवळ्या. मिल्टननं माझा खांदा इतका आवळला की वळ उठला. मग एकीत हिरवं चढलं.

"कुठली?" बाईंनी बसल्या जागेवरून विचारलं. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, आणि चष्मा कपाळावर होता.

"एन्झाइमची," लार्राल्दे म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, "निळी झाली. कोरी पिवळीच आहे."

बाईंनी डोळे मिटले. मी रडले, त्यात काय लपवायचं? मिल्टन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"प्रयोगशाळा चालू राहील, डॉक्टर," लार्राल्दे कोट उचलत म्हणाले. "तसं लिहून देतो. आता कृपा करून तुम्ही निघा."

दवाखान्यातला डॉक्टर पोरसवदा होता. त्यानं बाईंना तपासलं, पाय दाबून पाहिले, कपाळाला आठ्या घातल्या.

"मूत्रपिंडाचा संशय कुणाला आला? रक्त तपासलं होतं का?"

"रक्त नाही," बाई म्हणाल्या, आणि पर्समधून रुमालात गुंडाळलेली ती निळी बाटली काढून त्यांनी त्याच्या टेबलावर ठेवली. "हे तपासलं."

तो बाटलीकडे बघे, बाईंकडे बघे, शेवटी माझ्याकडे.

"बघता काय?" मी म्हटलं. "रक्त काढा."

रक्तानं बाटलीचंच म्हणणं खरं केलं. दुसऱ्या दिवशीपासून यंत्र. आणखी आठवडा गेला असता तर हृदयच थांबलं असतं, असं तो पोरगा मला बाजूला घेऊन म्हणाला. मी ते बाईंना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. त्या मिल्टनला जिवाणूंना रोज खाऊ काय आणि किती घालायचा ते सांगत बसल्या होत्या, जणू तोच त्यांना ते रोज घालत नव्हता. मिल्टन मान खाली घालून "हो, डॉक्टरबाई" म्हणत होता आणि बाह्यांना नाक पुसत होता.

तो गेल्यावर त्यांनी माझ्या काखेकडे पाहिलं. थर्मास काय, आमच्या अंगाचाच भाग असतो.

"भर."

मी तुंबा भरून दिला. त्यांनी नळी तोंडात धरली, कडू तोंड केलं, तरी तळ गुरगुरेपर्यंत चोखला.

"नाणं?" मी विचारलं.

"नाणंच."

त्यांनी तुंबा परत दिला. मी हात पुढे करून थांबले, महिनाभर ऐकलेला तो शब्द ऐकायला. त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या माझ्याकडे, अजून का भरत नाहीस, असं.

मी भरला. अर्धाच, कारण यंत्रावरच्या माणसाला पाणी मोजून द्यायचं असतं, ते मला ऑस्करनं शिकवलंय.

"अर्धाच?" बाई ओरडल्या.

"ओरडू नका, दवाखाना आहे हा!" मीही ओरडले.